डॉक्टरांच्या लाल गाडीचा क्लच

"डॉक्टर, तुमची गाडी एवढी ओरडते, मग पुढं का जात नाही?"

तोंड माझं होतं, प्रश्न माझ्या वर्गातल्या अल्फिया आणि मृण्मयीचा. मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेसमोर मोठा चढ आहे. रोज दुपारी सव्वाबाराला डॉ. कुमुदिनी इंगवले आपली लाल, दोन सीटची, बिनछपराची विलायती गाडी घेऊन तो चढ चढायच्या. गाडी अशी किंचाळायची की आमचा भूगोलाचा तास थांबायचा, आणि एवढं किंचाळून वेग किती, तर शेजारनं चाललेल्या म्हशीएवढा. म्हैस कधीकधी पुढं जायची.

प्रश्न साधाच वाटेल. पण इंगवले डॉक्टर दातांच्या डॉक्टर होत्या, पासष्टी ओलांडलेल्या, आणि अर्ध्या शाळेच्या दाढा त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलेल्या होत्या. त्या दिसल्या की पोरं तोंड मिटून चालायची.

"विचारून दाखव," अल्फिया म्हणाली. "मिसळ माझ्याकडनं."

"हिच्यात दम नाही," मृण्मयी म्हणाली.

त्या जुलैपर्यंत खरंच नव्हता. हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज बाकाच्या पुढं जात नसे. मग ऑगस्टमध्ये बाईंनी बळंच वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, नंबर आला आणि मला कंठ फुटला तो फुटलाच. आई म्हणायची, "हिचं बटण कुठं आहे, कुणीतरी दाखवा गं मला."

तर मी शाळेच्या फाटकापाशी, जिथं रस्ता सपाट आहे तिथं, सरळ गाडीच्या आडवी उभी राहिले आणि विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. आधी दातांकडे.

"कुणाची तू?"

"सुतार मेस्त्रींची. राजनंदिनी. आमचं उद्यमनगरात गॅरेज आहे."

"मेस्त्रीची पोरगी, आणि मला विचारतेस? तूच सांग."

मागं अल्फियाची खुसखुस ऐकू आली. आता माघार घेतली असती तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पप्पांना मी हे शंभर वेळा करताना बघितलं होतं. म्हटलं, "हँडब्रेक ओढा, डॉक्टर. पूर्ण. आता टॉपचा गिअर टाका. थोडं ॲक्सिलरेटर द्या, आणि क्लच सोडा."

"गाडी बंद पडेल."

"पडायलाच पाहिजे."

त्यांनी क्लच सोडला. धड गाडी असती तर एक आचका देऊन इंजिन गप्प झालं असतं. हे इंजिन मजेत फिरत राहिलं, आणि खालून जळकट वास आला.

"क्लच सरकतोय," मी म्हणाले. "इंजिन फिरतंय, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पोचतच नाही. दाढेचं मूळ किडलंय आणि तुम्ही वरनं पॉलिश करताय."

हे शेवटचं बोलायला नको होतं. पण डॉक्टर एवढ्या मोठ्यानं हसल्या की फाटकावरचे वॉचमनकाका उठून उभे राहिले.

"पुढच्या महिन्यात, दसऱ्यानंतरच्या रविवारी जुन्या गाड्यांची पन्हाळ्यापर्यंत फेरी आहे," त्या म्हणाल्या. "मला वरपर्यंत जायचंय. ढकलत नाही, चालवत. तुझ्या वडलांना सांग, उद्या गाडी आणते."

मिसळीबरोबर मी पाव दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी आमच्या दारात उभी राहिली आणि मला गॅरेजमध्ये जागा मिळाली. आमचं घर गॅरेजच्या मागंच, मधे एक अंगण. पण तोवर पप्पांचा नियम होता, पोरींनी पलीकडं चहा द्यायला यायचं आणि कपबशा घेऊन जायचं. त्या दिवशी ते म्हणाले, "रोग हिनं ओळखलाय, तर उपचार बघू दे. पण हात लावायचा नाही. मामा देतील तेवढंच धरायचं."

मामा म्हणजे धोंडीराममामा. नात्यानं कुणीच नाहीत. आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडं मेस्त्री, चाळीस वर्षं क्लच आणि गिअरबॉक्स यांचंच काम. जुलैमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून किरकोळ कामं करायचे, आणि मोठं काम आलं की पप्पांना म्हणायचे, "विलास, दुसऱ्या कुणाला तरी दे." पप्पांनी ही गाडी मुद्दाम त्यांनाच दिली.

मामांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "ही एक गाडी करून बघतो. चढली तर मी हाय. न्हाई चढली, तर पाना ठिवून देतो. मग मला थांब म्हणायचं न्हाई."

"असं काय बोलताय मामा," पप्पा म्हणाले.

"ठरलं न्हवं?"

"बरं, ठरलं."

त्या गाडीचा क्लच बदलायचा तर आख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. मामांनी आढ्याला वजन उचलायची चेनकुप्पी लावली, साखळी ओढत ओढत इंजिन वर घेतलं, आणि ते हवेत असं लोंबकळलं की मला बाजारात टांगलेला फणस आठवला. मागची क्लच प्लेट काढून त्यांनी माझ्या हातात दिली. थाळीएवढी चकती, दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर असतं. ह्या प्लेटचं अस्तर झिजून रिबिटं वर आली होती.

"चप्पल झिजल्यागत झालीया बघ," मामा म्हणाले. "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधी ही चिकटून बसली पायजे. हिनं धरलं तर गाडी चालती. हिनं सोडलं तर नुसता गोंगाट."

नवी प्लेट मुंबईहून मागवली. ती खंडेनवमीच्या दिवशी दुपारी कुरिअरनं आली.

खंडेनवमीला आमच्या गॅरेजमध्ये कुणी पाना उचलत नाही. त्या दिवशी आणि दसऱ्याला हत्यारांना सुट्टी असते. सगळी धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं, नारळ. पूजा कायम पप्पांची. त्या वर्षी ते म्हणाले, "यंदा नंदू करेल." मामा हसले. आईनं माझ्या हातात ताट दिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. लेथ, ड्रिल, चेनकुप्पी, वेल्डिंगचं मशीन, एकेक पाना, एकेक स्क्रू ड्रायव्हर. आई मागून सांगत होती, "नवी वस्तू विसरू नको गं, नव्याला आधी कुंकू." मी कशाला विसरतेय! त्या दिवशी जे हाताला लागलं त्याला मी कुंकू लावलं. पप्पांच्या चष्म्याच्या घरालासुद्धा लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मामांनी क्लच बसवायला घेतला. आधी साबणानं हात धुतले. एकदा नाही, तीनदा. मलाही धुवायला लावले.

"क्लचला तेलाचं वावडं," ते म्हणाले. "एक थेंब खपत न्हाई हिला. अस्तर तेल पितंय आणि मग धरायचं सोडून देतंय." मी खोक्यातून प्लेट काढून त्यांच्या हातात दिली, अगदी नर्सनं डॉक्टरला द्यावी तशी. त्यांनी ती उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले. मग माझ्याकडं वळले. "कंपनीच्या पिशवीतनं आत्ताच काढलीस न्हवं?"

"हो मामा."

हे 'हो' इतकं चटकन गेलं की मलाच पत्ता लागला नाही.

"मग झालं. माझ्या डोळ्यांपेक्षा तुझे बरे," असं म्हणून त्यांनी प्लेट बसवली. ती मधोमध बसावी म्हणून त्यांच्याकडं स्वतः लेथवर काढलेली एक लाकडी दांडी होती. ती भोकात घालून त्यांनी बोटांच्या टोकांनी चाचपून बघितलं, बोल्ट एकाआड एक आवळले.  इंजिन खाली उतरलं ते पहिल्या झटक्यात गिअरबॉक्सला जाऊन बसलं. पप्पा नुसते बघत होते. मामांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चहा सांग गं."

संध्याकाळी पाच वाजता त्याच चढावर गाडी बघायची ठरलं. डॉक्टर चालवायला, पप्पा शेजारी. तिसरी सीट नाही, म्हणून मी आणि मामा पायथ्याशी उभे. अल्फिया आणि मृण्मयीही आल्या होत्या. त्यांना मीच फुशारकीनं बोलावलं होतं.

गाडी निघाली. पहिला गिअर. दुसरा. मामांनी डोळे मिटून घेतले होते. ते कानांनी बघत होते. आवाज दमदार, जड, अंगात ताकद असल्यासारखा. गाडी निम्म्या चढापर्यंत सुसाट गेली. अल्फियानं टाळ्या वाजवल्या.

तिसरा गिअर पडला आणि आवाज वर चढायला लागला. आणखी वर. गाडी मात्र हळू होत गेली. शेवटी ती चढावर जवळजवळ थांबली आणि इंजिन तेवढं किंचाळत राहिलं, पहिल्यापेक्षाही मोठ्यानं.

मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी माझा हात धरला होता, तो सोडला.

"सरकला," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी परत इंजिन वर. शाळेला सुट्टी होती. गॅरेजमध्ये नुसती साखळीची खडखड. प्लेट बाहेर आली ती काळी, चकाकणारी, तव्यावर तेल करपावं तशी.

"तेल," पप्पा म्हणाले. "मामा, इंजिनाचं मागचं सील तुम्हीच बदललं ना?"

"मीच."

पप्पांनी बॅटरी घेऊन तेल अडवणारं ते सील बघितलं. बोट फिरवलं. बोट कोरडं. गिअरबॉक्सच्या बाजूनं बघितलं. तेही कोरडं.

"मग तेल आलं कुठनं?"

 मामांनी स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून उलटेसुलटे करून बघितले. त्या हातांच्या रेघांमध्ये चाळीस वर्षांचं काळं होतं, कितीही साबण लावला तरी न जाणारं.

"माझ्याच हाताचं असंल," ते म्हणाले. "मला दिसलं न्हाई."

"मामा..."

"ठरलं हुतं न्हवं, विलास?"

पप्पा काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. ते खाली बघत होते. मामांनी आपले पाने एकेक करून पुसले आणि कापडात गुंडाळायला लागले. घाई नाही, राग नाही. ते बघवेना म्हणून मी प्लेट उचलली आणि बाकावर ठेवायला गेले.

तेव्हा वास आला.

इंजिन ऑइल जळल्याचा वास मी लहानपणापासून ओळखते, कडवट, घशाला लागणारा. हा तो नव्हता. ही भज्यांची कढई होती. हे शेंगतेल होतं.

मला सगळं एकदम आठवलं, आणि खरं सांगायचं तर आठवायला मी विसरलेच कुठं होते? खंडेनवमीला कुरिअरचं खोकं आलं, ते मी फोडलं, पिशवी कापली. नवी कोरी प्लेट. नव्याला आधी कुंकू. आई कुंकू पाण्यात कालवते, पण ते वाळलं की लोखंडावरून पडतं. म्हणून मी आपली हुशारी केली होती, शेंगतेलात कालवलं होतं. प्लेटच्या दोन्ही बाजूंना मी ठसठशीत स्वस्तिक काढलं, मधे हळदीची बोटं. इतकं सुंदर दिसत होतं! दसऱ्याच्या संध्याकाळी वाटलं, मामांच्या हातात द्यायची तर स्वच्छ द्यावी. मग फडक्यानं घासून घासून पुसलं. काळं अस्तर, डाग दिसेना. प्लेट परत पिशवीत घातली, पिशवी खोक्यात.

आणि गुरुवारी मामा 'तेलाचं वावडं' म्हणाले, तेव्हाच मला ते कुंकू आठवलं होतं. पण मी तर पुसलं होतं ना? आणि 'नाही मामा, मी काढली होती' म्हटलं असतं तर मी परत कपबशा उचलणारी पोरगी झाले असते. म्हणून 'हो'.

मी प्लेट घेऊनच धावत घरात गेले. आई भाकरी थापत होती. "पप्पांना बोलाव," मी म्हणाले. माझा चेहरा बघून तिनं परात बाजूला सारली आणि मागच्या दारातून हाक मारली.

स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच मी सगळं सांगितलं.  पप्पांनी प्लेट माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली.

"क्लच प्लेटला कुंकू," ते म्हणाले. "तेलातलं."

"मीच म्हटलं तिला, नव्याला आधी," आई म्हणाली. "मला काय माहीत तिच्या आत काय असतंय!"

"हळू बोल." पप्पांनी अंगणाकडचं दार लोटलं. मला वाटलं, आता मारतील. ते मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आले, तेव्हा त्यांचा आवाज अगदी शांत होता. "ऐका. हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही. उद्यमनगरात कळलं तर वर्षभर हसतील. सुताराच्या गॅरेजात क्लचला हळदीकुंकू लावतात म्हणतील. डॉक्टर उद्या त्यांच्या जुन्या गाड्यांच्या सगळ्या क्लबात सांगतील. आपण म्हणायचं, सील गळत होतं, बदललं. दुपारपर्यंत ह्याच प्लेटला नवं अस्तर मारून आणतो. रविवारी गाडी पन्हाळ्यावर. विषय संपला."

"आणि मामा?" मी विचारलं.

"मामांचं मी बघतो."

"काय बघणार?"

"कधीतरी थांबायचंच होतं त्यांना. वय झालंय. नंतर, सावकाश, सांगेन मी."

"नंतर म्हणजे कधी, पप्पा? ते पाने गुंडाळायला लागलेत!"

"आवाज खाली कर, नंदू."

आईनं माझ्या दंडाला धरलं. "अगं, तुझंच नाव जाईल. एवढ्या मुश्किलीनं त्यांनी तुला आत घेतलंय. परत गॅरेजात पाय ठेवू देतील का तुला? लोक काय म्हणतील, पोरीच्या हातात दिलं आणि बघा."

हे खरं होतं. ते मलाही माहीत होतं. 

तेवढ्यात अंगणाच्या पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. दवाखान्यात जाता जाता रिक्षा थांबवून त्या बघायला आल्या होत्या. खिडकीतून मला दिसत होतं. धोंडीराममामांनी पान्यांचं गाठोडं सायकलच्या कॅरिअरवर ठेवलं होतं आणि ते दोरी बांधत होते.

"मेस्त्री, कुठं निघालात? माझी गाडी?"

"गाडी हुईल, बाई. विलास करंल. तुमचा काय बी दोष न्हाई, गाडीचा बी न्हाई." मामांनी दोरीची गाठ ओढली. "माझ्या हातनंच तेल लागलं प्लेटीला. डोळ्यास्नी दिसलं न्हाई. आता ह्या हातानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये, एवढंच."

"तुम्हाला खात्री आहे?"

"दुसरं कुणाचं असणार? प्लेट पिशवीतनं निघाली ती माझ्याच हातात आली. पोरीला इचारलं बी मी."

पप्पा खिडकीपाशी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनीही ऐकलं. पण प्लेट हातात धरून ते जागच्या जागी उभे राहिले. आई पदर तोंडाशी धरून होती.

मी आईचा हात दंडावरून सोडवला. सहा महिन्यांपूर्वीची मी असते तर तिथंच रडत बसले असते आणि सगळ्यांनी मला समजावलं असतं. रडू येत होतंच. पण आवाज फुटला.

"आई, पप्पा, मी सांगणार आहे," मी म्हणाले. "आत्ता. सायकल फाटकाबाहेर पडायच्या आत. तेल मी लावलं, पुसलंही मी, आणि मामांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले तेही मीच. डॉक्टरांसमोर सांगणार, मामांसमोर सांगणार, शेजारच्या लेथवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा सांगणार. त्यानंतर मला गॅरेजात घेऊ नका, चालेल." मी पप्पांच्या हातातली प्लेट काढून घेतली आणि दार उघडलं. "तुम्ही येणार असाल तर चपला घाला. मी निघाले."